पत्र्याच्या भिंतीवरचा सूर्य

२४ ऑक्टोबर १९९५, मंगळवार, सकाळचे सव्वासात. तुम्ही सास्तूरला पोचला आहात. लक्ष्मीपूजन कालच झालंय, तरी कुठल्याही घरातून तळणाचा वास येत नाही. रात्रीपासून ग्रहणाचे वेध लागलेत. लाडवांच्या डब्यात तुळशीचं पान आहे, पाण्याच्या हंड्यावर दर्भाची काडी आहे, आणि चूल कुणीच पेटवलेली नाही. लहान पोरांना तेवढी सूट. त्यांनी अंधारातच शंकरपाळे खिशात भरून ठेवलेत.

लोहारा तालुका व्हायचा आहे, त्यामुळे गाव अजून उमरगा तालुक्यात आहे आणि जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद. चहूकडे काळं रान, तुरीला नुकती पिवळी फुलं आलेली. उत्तरेला तेरणा, तिच्या पलीकडे किल्लारी. दोन वर्षं आणि चोवीस दिवसांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्याचं इथं कुणी नाव घेत नाही. 'त्या रातीला' एवढंच म्हणतात. गणपती बोळवून लोक उशिरा घरी येऊन निजले होते.

तुम्ही एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरता. या पट्ट्यात अजून कितीतरी कुटुंबं अशा शेडमध्येच राहतात. पुनर्वसनाची घरं कुठं पुरी झालीत, कुठं अर्ध्यावर आहेत. लोखंडी नळ्यांवर पत्रे ठोकलेले. दुपारी भाजून काढणारे, पहाटे गारठणारे, पण अंगावर पडले तरी माणूस मरत नाही असे. हे शेवटचं वाक्य तुमचं नाही, घरच्या आजीचं आहे. सिमेंटच्या नव्या घरात जायला ती अजून तयार नाही.

पेटीवर ठेवलेला कृष्णधवल टीव्ही सुरू आहे. बाहेर बांबूला बांधलेला अँटेना नातू फिरवतोय.

"आलं का?"

"मुंग्याच हायत!"

"आता?"

"बस, बस, हलवू नगंस! आलं!"

पडद्यावर राजस्थानातलं नीम का थाना. मैदानात दुर्बिणी, तिपाया, गर्दी. प्राध्यापक यश पाल बोलताहेत, आणि ग्रहणाबद्दल ते असं बोलतात की जणू आवडता पाहुणा दारात येऊन उभा आहे. दूरदर्शन आज सूर्य थेट दाखवणार आहे. पंधरा वर्षांपूर्वी, १६ फेब्रुवारी १९८० ला, खग्रास ग्रहणाची सावली कारवार-रायचूरवरून गेली आणि सास्तुरातही सूर्य जवळजवळ बुजला, तेव्हा लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून याच दूरदर्शननं दुपारी चित्रपट लावला होता. इथं तेव्हा टीव्ही नव्हता. दारं मात्र लावलेली होती. पंधरा वर्षांत एका सरकारी वाहिनीनं 'बघू नका' पासून 'या, बघा, पण असं बघा' पर्यंतचं अंतर कापलं. मला हे मोठं काम वाटतं. त्यामागं शास्त्रज्ञांचा आणि विज्ञान सांगत गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचा घाम आहे.

शेडच्या कोपऱ्यात, दारापासून लांब, घरची सून बसली आहे. सातवा महिना. तिनं काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाय मुडपायचे नाहीत, आणि गिराण सुटेपर्यंत उजेडाकडं बघायचं नाही. दारावर गोधडी टांगलेली. पण टीव्हीचं तोंड नेमकं तिच्याकडंच आहे, आणि टीव्हीत सूर्यच आहे.

आजीच्या हे एकदम ध्यानात येतं. ती उठते, पदर सावरते आणि टीव्हीसमोर आडवी उभी राहते.

"बंद करा रं ते."

"आजी, ते राजस्थानातलं हाय," नातू बाहेरून ओरडतो.

"सूर्य एकच आसतोय."

यावर कुणाला उत्तर सुचत नाही, कारण तिचं म्हणणं बरोबर आहे. मग शेजारचे तात्या, हयात गवंडीकामात घालवलेले, खाटेवरून म्हणतात, "काचंच्या आत हाय त्यो, आक्का. बाहीर न्हाई येत." आजी काचेला हात लावून बघते. काच कोमट आहे. ती बाजूला होते, पण सुनेच्या डोक्यावरून पदर पुढं ओढते. सून पदराच्या काठाखालून बघत राहते. बघायची बंदी असलेली गोष्ट तिच्याइतकी नीट आज या गल्लीत दुसरं कुणी बघणार नाही.

साडेसातच्या सुमाराला सूर्याच्या कडेला पहिला चावा बसतो. बाहेर जाऊन वर बघू नका. शहरांतून वाटले गेलेले खास चष्मे इथं आलेले नाहीत. तसं बघायची गरजही नाही. शेडमध्येच थांबा आणि मागच्या भिंतीकडं बघा.

पूर्वेच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत. एकदा ठोकलेले, मग उपटून दुसरीकडं ठोकलेले खिळे. प्रत्येक भोकातून ऊन आत येतं आणि समोरच्या पत्र्यावर ठिपका पडतो. रोज हे ठिपके गोल असतात, म्हणून त्यांच्याकडं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. आज आठ वाजता ते सगळे एका बाजूनं कुरतडलेले आहेत. सव्वाआठला त्यांच्या कोरी झाल्यात. तीस-चाळीस कोरी, सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या.

पहिल्यांदा हे नातवाला दिसतं. शाळेतल्या टीव्हीवर त्यानं बालचित्रवाणीचे कार्यक्रम पाहिलेत. पुण्यात १९८४ साली सुरू झालेली ही संस्था मराठी पोरांसाठी मराठीतून विज्ञान दाखवत असते, आणि २०१७ मध्ये ती बंद होईल हे इथं फक्त तुम्हाला ठाऊक आहे. आता त्याला सांगू नका. तो भोकावर बोट ठेवतो, एक कोर विझते. बोट काढतो, परत येते. बारीक भोकातून येणारा प्रत्येक किरण सरळ जातो, सूर्याच्या वरच्या कडेचा खाली पडतो, खालच्या कडेचा वर, आणि भोक कसलंही वेडंवाकडं असलं तरी भिंतीवर उमटतो तो सूर्यच, उलटा. नातू हे कुणालाही समजावून सांगत नाही. तो फक्त ओरडतो, "आजी, आपल्या घरात गिराण पडलंय!"

तात्या खाटेवरून उठतात. एकदा भिंतीकडं, एकदा पडद्याकडं बघतात. पडद्यावरचा सूर्य नीम का थानातला, भिंतीवरचा सास्तूरचा, आणि दोन्हींच्या कोरी सारख्या नाहीत. तिकडची केसाएवढी बारीक झालीय, इकडची अजून जाड आहे. सावलीचा मधला पट्टा राजस्थानातून आग्रा, बिहार करत बंगालकडं जाणार, सास्तूर त्याच्या बरंच दक्षिणेला. तात्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. ओळंबा लावून भिंती उभारलेल्या माणसाला कोन कळतात.

साडेआठ होऊन गेलेत. सास्तूरचं ऊन फिकट पडलंय, सावल्यांच्या कडा धारदार झाल्यात, आणि कोंबड्या खुराड्यापाशी घुटमळतात. पडद्यावर एकदम काळोख होतो. नीम का थानातली गर्दी ओरडते. काळ्या चकतीच्या काठावर एकच तेजाचा थेंब चमकतो, अंगठीतल्या हिऱ्यासारखा, आणि मग तोही जातो. चकतीभोवती पांढरी प्रभा, सूर्याचं वातावरण, जे एरवी त्याच्याच उजेडात बुडून जातं. शेडमध्ये कुणी बोलत नाही. सुनेचा पदर खांद्यावर आलाय आणि आजी तो ओढायचं विसरलीय.

मिनिटही होत नाही आणि दुसऱ्या बाजूनं ऊन फुटतं. याच सकाळी भारतीय हवाई दलाचं मिग-२५ विमान कॅमेरे घेऊन ऐंशी हजार फुटांपर्यंत चढलंय, ढग आणि धूळ खाली टाकून सावलीमागं धावायला. टीव्हीसमोर बसलेल्यांना याचा पत्ता नाही. जेऊरच्या माळावर, करमाळ्याजवळ, २२ जानेवारी १८९८ ला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला आपली उपकरणं लावून याच प्रभेची वाट बघत उभे होते आणि शेजारी अमेरिकेहून आलेल्या लिक वेधशाळेचा तंबू होता, याचाही पत्ता नाही. जेऊर इथून काही फार लांब नाही. आपल्या मुलखाच्या या गोष्टी टीव्हीनं सांगायला हव्या होत्या.

आता तात्या विचारतात. प्रश्न नातवाला नाही, तुम्हालाही नाही, टीव्हीला आहे.

"सूर्याचं येवढं सेकंदावर सांगतेत. मग धरणीचं का न्हाई सांगितलं?"

शेडमधली हवा बदलते. सून पाय जवळ घेते, कुणी तिला टोकत नाही.

या प्रश्नाचं उत्तर देणं तुम्हाला भाग आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी उघड्यावर फिरतात. त्यांच्या वाटांवर काही आडवं येत नाही, आणि हजारो वर्षांच्या नोंदी आहेत. आजचंच ग्रहण १२ ऑक्टोबर १९७७ ला प्रशांत महासागरावर पडलं होतं. अठरा वर्षं, अकरा दिवस आणि आठ तासांनी तिघं पुन्हा तशाच रांगेत आले. ते वरचे आठ तास म्हणजे पृथ्वीची तिसरा हिस्सा गिरकी, म्हणून या खेपेला सावली आपल्या वाट्याला आली. हे कागदावर मांडता येतं.

जमिनीखालचं कागदावर मांडता येत नाही. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडं सरकतो, हिमालयाला रेटतो, आणि तो ताण इथवर, दख्खनच्या कातळाखालीही साठतो. कुठल्या भेगेत किती साठला आणि ती कधी सुटेल, हे वरून दिसत नाही. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतला. ३३८ मीटर काळा कातळ लागला, मग आठ मीटर जुन्या गाळाचा थर, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना पाया. धक्का त्याच्याही खाली, काही किलोमीटरवर जन्मला होता.

आणि इशारा मिळाला नव्हता, असंही म्हणता येत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीत धक्के बसत होते. लोक रात्री बाहेर झोपले होते. मग थांबले, आणि लोक आत गेले. असे धक्के बहुतेक वेळा येतात आणि विरतात. मोठ्या धक्क्याआधीचे कोणते, हे ओळखायची खूण तेव्हा नव्हती. आजही नाही. सरकारी नकाशावर तर हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा बदलायला २००२ उजाडलं.

तात्या ऐकून घेतात. "म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाई."

नाही.

दहाच्या सुमाराला गिराण सुटतं. बायका अंघोळी उरकतात, दान मागणाऱ्यांची हाळी ऐकू येते, सुपातून ज्वारी जाते. चुली पेटतात. सून दारातली गोधडी स्वतः काढते.

दुपार पटकन सरते. वीज जाते, येते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दुपारचे कार्यक्रम १९८४ पासून चालू आहेत. बहुतेक इंग्रजीत, म्हणून इथं ते कुणी फारसं बघत नाही. ऑगस्टपासून देशात डिस्कव्हरी वाहिनी दिसू लागलीय, पण ती केबलवर, शहरात. देवमासे, ज्वालामुखी, हिमकडे, सगळं तिथं आहे. सास्तूरच्या पोरांपर्यंत ते यायला वेळ लागेल, आणि आलं तरी त्यात तेरणा नसेल.

चार वाजता तात्या नातवाला घेऊन जुन्या गावठाणाकडं निघतात. तुम्हीही बरोबर चला. ढिगाऱ्यात अर्धवट उभी राहिलेली एक भिंत आहे, दोन हात जाड. तात्या तिच्यापाशी थांबतात आणि तुटलेल्या काठावर हात ठेवतात.

"ह्ये बगा. ह्यो आतला थर, ह्यो भायेरचा. मदी गोटे आन् माती. दोन भिंती हायत ह्या, येक न्हाई. हालल्यावर दोन्हीकडं फुटल्या, आन् माळवद खाली."

माळवदाच्या मातीचं वजन तेच सांगतात. दर पावसाळ्याआधी वर नवा थर, पिढ्यान्‌पिढ्या. उन्हाळ्यात आत गार राहायचं. भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड हातादीड हातावर बसवला असता आणि दरवाजाच्या डोक्याशी चारी भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा फिरवला असता, तर यातली कितीतरी घरं निदान माणसं बाहेर पडेपर्यंत उभी राहिली असती. नव्या बांधकामावर तात्या ते शिकलेत. पन्नाशीनंतर शिकलेत.

"पुडचं आसं गिराण कवा?" नातू विचारतो.

हे तुम्हाला येतं. ११ ऑगस्ट १९९९, संध्याकाळी. सावली गुजरातेतून आंध्राकडं जाईल, सास्तूरच्या बरीच जवळून. पण पावसाळ्याचे दिवस असतील, ढगांचा भरवसा नाही. नातू तारीख खडूनं पडक्या भिंतीवर लिहायला लागतो. तात्या त्याचा हात धरतात आणि त्याला भिंतीच्या तुटलेल्या काठापाशी उभं करतात.

"ते टीव्हीवाले सांगतील. ह्ये कुणी दावत न्हाई, ह्ये आदी शीक," ते म्हणतात आणि खाली पडलेल्या दगडांतून एक लांब दगड ओढून काढतात. "ह्यो आसा आडवा बसवायचा. धर तिकडून."