दारूचा पैसा आणि शाळेचा खर्च : १९३७ च्या निवडणुकीनंतरची मुंबई

निवडणुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा मतमोजणीपाशी थांबतात. कोण निवडून आला, कोण पडला, मिरवणूक कोठून कोठे गेली हे सारे तपशिलाने सांगतात आणि विजयी पक्षाने तिजोरीचे कुलूप उघडले तेव्हा आत काय दिसले, हे मात्र दोन ओळींत आटोपतात. आम्हांला वाटते, खरी कथा त्या कुलपापासूनच सुरू होते. १९३७ साली मुंबई इलाख्यात जे घडले ते या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. कारण निवडून आलेल्या लोकांनी आपल्या इलाख्याचा जमाखर्च आपल्या जबाबदारीवर मांडण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

१९३५ च्या कायद्याप्रमाणे निवडणुका झाल्या. मुंबईच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी निम्म्याच्या आसपास जागा काँग्रेसने मिळवल्या. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत मंत्रिपदे घ्यायची नाहीत, असे काँग्रेसने ठरविल्यामुळे १ एप्रिल १९३७ पासून साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे तात्पुरते मंत्रिमंडळ आले आणि जुलैत गेले. मग बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे आले. लठ्ठे हे कोल्हापूरचे माजी दिवाण, शाहू महाराजांचे चरित्रकार. संस्थानाची तिजोरी त्यांनी पाहिलेली होती. इलाख्याची तिजोरी त्याहून मोठी, पण हात बांधलेली होती.

ती कशी, हे थोडे सांगितले पाहिजे. इलाख्याचे वार्षिक उत्पन्न बारा कोटींच्या घरात. त्यात मोठे खांब दोनच: जमीनसारा आणि अबकारी. सारा हा तीस-तीस वर्षांच्या बंदोबस्ताने ठरलेला. शिवाय १९२९ नंतरच्या मंदीने शेतमालाचे भाव कोसळलेले, तेव्हा तो वाढवायचा कोणी? उलट सूट द्यायचे वचन देऊनच लोक निवडून आले होते. प्राप्तिकर आणि जकात दिल्लीकडे. १९३६ च्या निमेयर निवाड्याने प्राप्तिकरातील प्रांतांच्या वाट्यापैकी शेकडा २० मुंबईला देऊ केले खरे, पण पहिली काही वर्षे त्या वाट्याला रेल्वेच्या नफ्यातोट्याची अट होती. नोटा छापण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या सरकारांप्रमाणे तूट दाखवून पुढे जाण्याची सोय फार थोडी. चालू खर्चात तूट आली की एक तर कर, नाहीतर काटछाट. त्यातही गव्हर्नरांचा खर्च, न्यायाधीशांचे पगार, कर्जाचे व्याज या रकमांना सभासदांचे मतच लागत नसे.

या कर्जाविषयी मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. १९२० च्या सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या विकासखात्याने बॅकबेचा समुद्र हटवायला घेतला आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. चाळींसाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. चाळी उभ्या राहिल्या, पण पहिली काही वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. बॅकबेचे तर हसेच झाले. खुर्शेद नरिमन यांनी त्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला, तो ते जिंकले. पण खटला जिंकल्याने व्याज चुकत नाही. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी हवा खायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की त्या वाऱ्याचे बिल इलाख्याच्या खेड्यापाड्यांतल्या सारेकऱ्यानेही भरले आहे? (आणि ज्या नरिमनांनी उधळपट्टी उघड केली त्यांना १९३७ साली मुख्य प्रधानपद मिळाले नाही, त्या वादाची कथा मोठी आहे, ती येथे नको.)

अशा तिजोरीच्या जोरावर खेर मंत्रिमंडळाने काय काय करायचे ठरविले? मंत्र्यांनी आपला पगार दरमहा ५०० रुपये घेतला. चराईची फी काढली, साऱ्यात सूट दिली. या गोष्टी तिजोरीला जड असल्या तरी सोसवण्यासारख्या होत्या. खरा घाव घातला तो दुसऱ्या खांबावर. दारूबंदी हे काँग्रेसचे जुने वचन. मद्रासेत राजगोपालाचारींनी १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात आरंभ केला. मुंबई सरकारने १९३८ साली अहमदाबाद घेतले आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी खुद्द मुंबई शहर. खाते होते डॉ. गिल्डर यांच्याकडे, हृदयरोगाचे नामांकित वैद्य आणि स्वतः पारशी. अबकारीचे उत्पन्न इलाख्याच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याचे होते, आणि त्यात मुंबई शहराचा वाटा मोठा होता. चार खांबी मांडवाचा एक खांब स्वतःच्या हाताने काढायचा, असा हा बेत.

याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. परळ-लालबागच्या कामगाराला गिरणीत जी काही वाढ मिळेल ती पगाराच्या दिवशी गुत्त्यातच जाणार असेल तर ती मिळून उपयोग काय? सरकारने गुत्ते लिलावाने द्यायचे आणि त्याच पैशाने शाळा चालवायच्या, हे कुठल्या तोंडाने? गिरणगावातल्या बाईला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नसे. तो तिने चुलीपाशी सोसलेला होता.

विरोधी बाजूला डॉ. आंबेडकर होते. भायखळा-परळ मतदारसंघातून ते निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केलेले उमेदवार म्हणजे क्रिकेटवीर पाळवणकर बाळू. आंबेडकरांचा या प्रश्नावरील विचार समजून घ्यायचा तर दहा वर्षे मागे जावे लागते. मार्च १९२७ मध्ये जुन्या कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद या नात्याने बोलताना त्यांनी एक साधा हिशेब मांडला होता. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. तर निदान दारूतून जितके घेता तितके तरी शिक्षणावर द्या. हा हिशेब आम्हांला आजही त्या काळच्या सगळ्या अर्थसंकल्पी भाषणांहून मोलाचा वाटतो. त्यात दारूची तरफदारी नाही; लोकांकडून घेतलेला पैसा लोकांकडे कोणत्या रूपाने परततो, एवढाच सवाल आहे.

१९३८ आणि १९३९ च्या अंदाजपत्रकांवर ते बोलले तेव्हा सवाल तोच राहिला, फक्त परिस्थिती उलटी झाली होती. आता सरकार घेतच नव्हते. मग शाळा, दवाखाने आणि खेड्यातले पाणी यांना पैसा यायचा कोठून? दारूबंदी ही या प्रांताची पहिली निकड आहे काय? नवे कर बसवून मिळणारा पैसा जर दारूचा खळगा भरण्यातच संपणार असेल, तर गरिबाला नवे काय मिळाले? अपोलो बंदरानजीकच्या कौन्सिल हॉलमध्ये, जो पूर्वी खलाशांचा आश्रम होता, हा वाद झडत होता आणि त्याचे पडसाद परळच्या मैदानापर्यंत जात होते. त्याच सुमारास, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, तेव्हा मंत्रिमंडळ आणि गिरणगाव यांच्यातले अंतर आधीच वाढलेले होते.

खळगा भरण्यासाठी लठ्ठे यांनी काय केले? शहरातल्या घरांवर आणि जमिनींवर वार्षिक भाडेमूल्याच्या शेकडा १० इतका नवा कर बसविला, म्युनिसिपालिटीच्या घरपट्टीखेरीज. गिरगावातल्या चाळमालकापासून फोर्टातल्या कचेऱ्यांपर्यंत ओरड झाली. पारशी समाजाला तर दोन्हीकडून मार बसला. गुत्ते पुष्कळसे त्यांचे, आणि घरेही त्यांची. सर बैरामजी जीजीभाई हायकोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे, की हा कर नावाने घरांवरचा असला तरी वस्तुतः उत्पन्नावरचा आहे, आणि उत्पन्नावर कर बसविणे हे दिल्लीचे काम. हायकोर्टाने ते मानले नाही. कर प्रांताच्या अधिकारातला ठरला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. आपण विक्रीकर म्हणून जो ओळखत आलो त्याचे मूळ या दारूबंदीच्या दशकातच आहे. नागपूरच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९३८ साली पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला. तो प्रश्न दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे गेला, तो त्या कोर्टापुढील अगदी पहिला मामला, आणि कोर्टाने प्रांताची बाजू उचलून धरली. मद्रासने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला, मुंबईने १९४६ मध्ये. सरकारने गुत्त्यातल्या गिऱ्हाइकाला सोडले आणि दुकानातले प्रत्येक गिऱ्हाईक धरले. दारू न पिणाऱ्या माणसानेही दारूबंदीची किंमत दिली, ती अशी.

खेर आणि लठ्ठे यांना आम्ही दोष देतो काय? अर्धा. वचन दिले ते पाळले, आणि पाळताना त्याची किंमत लपविली नाही. कर जाहीरपणे बसविला, ज्यांच्याकडे घरे होती त्यांच्यावर बसविला, शिव्या खाल्ल्या. हा प्रामाणिकपणा थोडा नव्हे. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हा, निवडणुकीआधी सुरू झालेल्या दरमहा १,५०० रुपयांच्या लाडकी बहीण योजनेचा भार तिजोरीवर होता आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखविली होती. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने दारूवरील कर वाढविला. लठ्ठे यांनी सोडलेला खांब आज मांडवाला सर्वांत घट्ट रोवलेला आहे, हे पाहून त्यांना काय वाटले असते कोण जाणे. पण आमचे दुसरे अर्धे मत आंबेडकरांच्या बाजूचे आहे. जुने उत्पन्न सोडताना आणि नवे बसविताना या मंत्रिमंडळाने त्या १४ आण्यांचे काय झाले, याचे उत्तर दिले नाही. शहराच्या घरांवरचा नवा पैसा शाळेत गेला असता तर १९३९ चा वाद वेगळ्या पातळीवर झाला असता.

पुढचे थोडक्यात. दारूबंदी मुंबईत येऊन तीन महिने होतात न होतात तोच युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला. १९४० साली हायकोर्टाच्या एका निकालाने दारूबंदीच्या हुकुमाचा पाया ढिला केला आणि गव्हर्नरांच्या राजवटीत ती सैल पडली. संपूर्ण दारूबंदी पुन्हा आली ती १९४९ च्या कायद्याने. मधल्या काळात घरांवरचा कर मात्र कोणी काढला नाही. १९५० साली मुंबईच्या कापडबाजारातील एका कंपनीचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तो हा कर प्राप्तिकराच्या हिशेबात वजा धरावा म्हणून. कंपनी जिंकली.