कांचेच्या पाटीवरील बाराखडी

मराठी बाराखडीचें आणि यंत्राचें सूत प्रथमपासूनच जमलें नाहीं. रोमन लिपीचा संसार २६ अक्षरांत आटोपतो. मराठींत व्यंजनास काना, मात्रा, वेलांटी, उकार लागतात, व्यंजनें एकमेकांत मिसळून जोडाक्षरें होतात, आणि 'र' तर कधीं डोक्यावर, कधीं पायाशीं बसतो. ह्यासाठीं छापखान्यांत शेंकडों खिळे बाळगावे लागत. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीं केला. पुढें टंकलेखनयंत्र आलें, तेव्हां अक्षरांची मोडतोडच झाली. अर्धें अक्षर एका कळीवर, त्याचा काना दुसरीवर. 'कि' लिहावयाचा तर वेलांटी आधीं आणि 'क' मागाहून! असें यंत्र कारकुनाच्या मेजावरच राहिलें, ह्यांत नवल नाहीं.

संगणकासाठीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी ठरविली. तिच्यांत स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें उजव्या हाताकडे, आणि 'क' व 'ख' एकाच कळीवर. उच्चारशास्त्रास धरून असलेली ही योजना शहाणपणाची खरी. परंतु ती दहा बोटांसाठीं. मोबाईलच्या वीतभर कांचेवर ती जशीच्या तशी उतरविली, तेव्हां एकट्या अंगठ्यास ती पेलेना. 'ख' हवा तर आधीं निराळी कळ दाबून सारा फलक पालटावयाचा.

मग लोकांनीं रोमन अक्षरांचा आडमार्ग धरला. त्यांत काय हरवतें, तें पालघर जिल्ह्यांतील गांवांच्या नांवांवरूनच दिसेल. केळव्याचा 'ळ' आणि पालघरचा 'ल' रोमन लिपींत एकच; डहाणूचा 'ण' आणि मनोरचा 'न' एकच; सातपाटींतील 'त' आणि 'ट' ह्यांसही एकच अक्षर. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांचीं माणसें एकत्र राबतात. त्यांच्यांत कामापुरता हा मार्ग चालून जातो. पण जिला केवळ देवनागरीच वाचतां येते, अशा आजीस नातवाचा रोमन निरोप दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

ह्या अडचणीचा मुळापासून विचार पवईच्या आय. आय. टी.मध्यें झाला. तेथील प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१३ सालीं 'स्वरचक्र' नांवाचा कळफलक सिद्ध केला. त्यांत व्यंजनें शाळेंतील तक्त्याप्रमाणें वर्गवारीनें मांडलेलीं असतात. 'क'वर बोट ठेवतांच त्याच्याभोंवतीं का, कि, की, कु असें चक्र उमटतें. हवें त्या दिशेस बोट सरकवून उचललें कीं अक्षर तयार. हलन्त 'क्' निवडला, तर पुढील जोडाक्षरें कळांवर आधींच दिसूं लागतात. लांकडी वा लोखंडी कळीस आपलें रूप बदलतां येत नाहीं. कांचेवरील कळीस तें येतें. हा भेद ज्यानें ओळखला, त्याला बाराखडी अडचण न वाटतां वाट दाखविणारी झाली.

तपशिलाचीं भांडणें मात्र चालूच राहिलीं. 'ॲ' ह्या मराठी स्वरास युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल उजाडलें. २०१६ सालच्या भारतीय मानकानें मोबाईलवर हिंदी, इंग्रजी आणि आणखी एक भारतीय भाषा लिहिण्याची सोय आवश्यक ठरविली. तरीहि नवा मोबाईल उघडला कीं बहुधा रोमन कळाच पुढें येतात. मराठी फलक सेटिंगमध्यें शिरून हुडकावा लागतो, आणि तो हुडकून देणारें घरांतलें एखादें शाळकरी पोरच असतें.