ज्ञान किती वाजता भेटतं?

लवकर निजणाऱ्याला आणि लवकर उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य, संपत्ती मिळते, हे आपण लहानपणापासून इतकं ऐकलंय की ते आपल्याच एखाद्या आजोबांचं वाटतं. पण हे वचन जगभर पोचवलं बेंजामिन फ्रँकलिनने, १७३५च्या त्याच्या पंचांगातून. याच फ्रँकलिनने १७८४ साली पॅरिसच्या वर्तमानपत्राला एक गमतीचं पत्र लिहिलं. मध्यरात्र उलटून तीन-चार तासांनी झोपलो, सहाला कसल्याशा आवाजाने जाग आली आणि सूर्य इतक्या लवकर उगवतो हे पाहून थक्क झालो, असं त्यात होतं. लोकांना उठवायला रस्तोरस्ती तोफा डागाव्यात, हा उपायही होता!

वचनाची खरी तपासणी मात्र विसाव्या शतकात झाली. १९७६ साली हॉर्न आणि ओस्टबर्ग यांनी १९ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. कोण सकाळचा, कोण रात्रीचा, हे आता मोजता येऊ लागलं. १९९८ साली गेल आणि मार्टिन यांनी ब्रिटनमधल्या पासष्टी गाठलेल्या १,२२९ जणांची माहिती तपासली. लवकर निजून लवकर उठणारे ना जास्त निरोगी होते, ना श्रीमंत, ना हुशार. पुढच्याच वर्षी रॉबर्ट्स आणि किलोनेन यांना अमेरिकी हवाई दलातल्या नव्या भरतीत रात्रीची मंडळीच बुद्धीच्या चाचण्यांत किंचित पुढे दिसली.

रात्री दोनला कोड लिहिणाऱ्या आमच्या जमातीने लगेच कॉलर ताठ करू नये. २०११ साली जर्मनीत प्रेकेल आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. रात्रीची सवय आणि बुद्धी यांचा सहसंबंध निघाला जेमतेम ०.०८. माणसामाणसांतल्या फरकाचा एक टक्काही त्यातून उलगडत नाही.

खरी गोम पुढे आहे. शाळा-कॉलेजातल्या यशाचा सहसंबंध उलटा होता: सकाळच्यांचा अधिक ०.१६, रात्रीच्यांचा उणे ०.१४. म्हणजे बुद्धीत रेसभरही मागे नसलेली मुलं मार्कांत मागे पडत होती. याचं एक कारण उघड आहे. वर्ग आणि परीक्षा सकाळी असतात.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. चांगलंच झालं. पण शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं ते वयात येताना, म्हणजे चौथीनंतर. नेमक्या त्या मुलांना आपण सातच्या तासाला बसवतो आणि डुलकी लागली की ‘ढ’ म्हणतो.