मॅक्नील बालऔषध प्रकरण (२०१०)

मॅक्नील कन्झ्युमर हेल्थकेअर या अमेरिकी कंपनीने ३० एप्रिल २०१० रोजी अर्भके व लहान मुले यांच्यासाठीची ४० हून अधिक द्रव औषधे बाजारातून परत मागवली. ही घटना मॅक्नील बालऔषध प्रकरण म्हणून येथे वर्णिली आहे. मॅक्नील ही तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सन या उद्योगसमूहाची कंपनी होती. परत मागवलेली सर्व औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारी होती.

== औषधे ==
ॲलर्जीवरील झायर्टेक व बेनाड्रिल, तसेच ताप आणि वेदना यांवरील टायलेनॉल व मोट्रिन यांचे मुलांसाठीचे द्रव प्रकार यांत होते. झायर्टेकमध्ये सेटिरिझिन, तर बेनाड्रिलमध्ये डायफेनहायड्रामिन हा मुख्य घटक असतो. शिंका, वाहणारे नाक व अंगावरील खाज यांना कारण ठरणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याचा परिणाम हे घटक रोखतात. डायफेनहायड्रामिनमुळे गुंगी अधिक येते.

== कारणे ==
पेनसिल्व्हेनिया राज्यातील फोर्ट वॉशिंग्टन येथील कारखान्याच्या तपासणीत उत्पादनप्रक्रियेतील त्रुटी आढळल्या. काही औषधांत मुख्य घटकाचे प्रमाण ठरल्यापेक्षा अधिक असण्याची, काहींत सूक्ष्म कण असण्याची, तर काहींतील इतर घटक कंपनीच्या कसोट्यांना न उतरण्याची शक्यता होती. मुलांना द्रव औषध मापाने दिले जाते. माप अचूक असले तरी द्रवातील घटकाचे प्रमाण चुकलेले असेल, तर मात्राही चुकते आणि हा दोष घरी ओळखता येत नाही.

== धोक्याचे स्वरूप ==
गंभीर अपायाची शक्यता अत्यल्प असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितले. तरीही ही औषधे मुलांना देणे थांबवावे, असा सल्ला त्याने पालकांना दिला. त्याचबरोबर, त्यांच्याऐवजी मुलांच्या वयोगटासाठी नसलेली औषधे देऊ नयेत, असेही बजावले; कारण त्यातून गंभीर अपाय होऊ शकला असता. इतर उत्पादकांची तत्सम बालऔषधे उपलब्ध होती.

== नंतरच्या घडामोडी ==
कंपनीने या कारखान्यातील उत्पादन थांबवले. मे २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे या प्रकरणाची सुनावणी झाली. मार्च २०११ मध्ये कंपनीने शासनाशी न्यायालयीन करार केला. त्यानुसार फोर्ट वॉशिंग्टनसह तिच्या तीन कारखान्यांतील कारभार प्रशासनाच्या देखरेखीखाली आला.

मुलांच्या टायलेनॉल व मोट्रिन या द्रव औषधांत धातूचे कण आढळल्याच्या खटल्यात मॅक्नीलने मार्च २०१५ मध्ये फिलाडेल्फिया येथील संघीय न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड व जप्ती मिळून २.५ कोटी डॉलर भरण्याचे तिने मान्य केले. या खटल्यात ॲलर्जीवरील औषधांचा समावेश नव्हता.

रुग्णाला असलेला धोका आणि उत्पादकाची चूक ही दोन वेगळी मापे आहेत, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. धोका अल्प ठरला, तरी कारखान्यातील दोष अल्प नव्हते.