यादीत नसलेली आजी

रुक्मिणीमातेचं माहेर कौंडण्यपूर वर्धा नदीकाठी. इंग्रजी अमदानीत नदीपलीकडे मालगुजारी, इकडे वऱ्हाडात रयतवारी. म्हणून जमीनदार घराण्यांच्या मिळकतीच्या यादीत तिकडे गावाचे आणेवार हिस्से, इकडे सर्व्हे नंबर.

निवृत्तीनंतर आमच्या घरचं जुनं वाटणीपत्र वाचलं. शेतं, विहीर, बैलजोड्या, तांब्याची घंगाळं, सगळं मोजलेलं. विधवा चुलतआजीच्या वाट्याला मात्र फक्त पोटगी! नवऱ्याच्या मनात असतं तरी त्या काळी एकत्र कुटुंबातला हिस्सा मृत्युपत्रानं देता येत नसे. १९३७ च्या कायद्यानं विधवेला हयातीपुरता हक्क दिला, १९५६ च्या कायद्यानं पूर्ण मालकी. तोवर आजी गेली होती. "मले कोनी इचारलंच नाही," असं ती म्हणायची, हे आईकडून ऐकलं.

आज सोसायटीत नॉमिनेशन केलं की काम संपलं, असं अनेकांना वाटतं. पण नॉमिनी हा सांभाळणारा, मालकी वारसांची. बँकेच्या नोकरीत यावरून भावाभावांत अबोला झालेला पाहिला आहे. तेव्हा मंडळी, या रौप्यमहोत्सवी वर्षात दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. आणि सही करण्याआधी घरात सर्वांना विचारा, बायकोला सगळ्यात आधी.