लाखेची तबकडी, कर्ण्याचा आवाज

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये ओके कंपनीसाठी मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ब्लूज या प्रकारातले कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजातले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. तबकडी इतकी खपली की अमेरिकेतल्या कंपन्यांना एक नवीच बाजारपेठ दिसली. ती तबकडी लाखेची होती, आणि जगाला लाख पुरवणारा देश होता भारत. छोटा नागपूर आणि मध्य प्रांतातल्या जंगलांत पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढत. आदिवासी ती लाख खरवडून विकत, ती गाळून तिचे पापुद्रे होत आणि कलकत्त्याहून जहाजाने पुढे जात. मिसिसिपीच्या शेतमजुराचे गाणे ज्या वस्तूवर कोरले गेले, तिचा जीव असा इथल्या रानात होता.

मराठी माणसाचे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी नाते त्याहून जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य मांडले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून. पुस्तके, पत्रे, संघटना यांचा हा इतिहास मराठीत बराच लिहिला गेला. गाण्याच्या बाजूने मात्र तो फारसा कोणी पाहिला नाही.

अमेरिकन कंपन्या या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत आणि त्या मुख्यतः कृष्णवर्णीयांना विकत. पॅरामाउंट ही त्यातली मोठी कंपनी एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची होती. ग्रामोफोनची लाकडी कपाटे खपावीत म्हणून त्यांनी तबकड्या काढायला सुरुवात केली. गाणाऱ्याला थोडे पैसे देऊन मोकळे करायचे, तबकडी स्वस्तात काढायची आणि खप संपला की विसरून जायचे, असा तो व्यवहार होता. मंदी आली, कंपनी बंद पडली, साचे भंगारात गेले. चार्ली पॅटन, स्किप जेम्स, सन हाउस या ब्लूज गायकांचे आवाज आज ऐकू येतात ते लोकांच्या घरात, माळ्यावर उरलेल्या मोजक्या तबकड्यांमुळे. १९४० च्या दशकात जेम्स मॅकून नावाचा एक साधा नोकरदार न्यूयॉर्कमध्ये जुन्या तबकड्यांच्या ढिगातून असे आवाज वेचू लागला, आणि त्याच्याभोवती संग्राहकांचे एक छोटे वर्तुळ जमले. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून २९ गाणी गायली होती. त्यातली काही १९६१ मध्ये कोलंबियाच्या एलपीवर आली आणि तिने इंग्लंडच्या तरुण गिटारवादकांची एक पिढी घडवली. विली ब्राउनची १९३० सालची एक तबकडी तर आजवर कोणालाच सापडलेली नाही. तिचे नाव आणि क्रमांक माहीत आहे, आवाज नाही.

पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साठच्या दशकातल्या सोल संगीतासाठी इंग्लंडच्या उत्तर भागातले कामगार तरुण असेच वेडे झाले. लँकेशायरच्या गिरणगावांत रात्रभर नाच चाले आणि अमेरिकेत आपटी खाल्लेल्या, कोणी न घेतलेल्या तबकड्यांना तिथे सर्वांत जास्त मान मिळे. विगन कसिनो हे त्याचे केंद्र १९७३ ते १९८१ चालले. मोटाउन कंपनीने बाजारात येऊ न दिलेल्या फ्रँक विल्सनच्या एका तबकडीला २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किंमत आली.

आता याच तबकडीमागे आपल्याकडे, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत येऊ. एका तालुक्यातून आग्रा रस्ता आणि कसाऱ्याकडे जाणारी लोहमार्गाची रेघ, दुसऱ्याला अजून रूळच नाहीत. तिथे कल्याणहून एसटीने जायचे. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापुरात, आणि त्याच डोंगरांतल्या कित्येक पाड्यांवर वीज उशिरा पोचली. तबकडीच्या इतिहासात या उशिराला महत्त्व आहे. वीज नसलेल्या घरात चावीचा ग्रामोफोनच चालणार आणि त्यावर ७८ फेऱ्यांचीच तबकडी वाजणार. अमेरिका-इंग्लंडात ती तबकडी पन्नासच्या दशकाअखेर संपली. भारतात मात्र कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ती साठच्या दशकातही निघत राहिली. म्हणूनच बीटल्सची गाणी ७८ च्या तबकडीवर भारतात निघाली, आणि आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात. ज्याला मागासपणा म्हटले गेले, त्यानेच एक दुर्मीळ वस्तू जगाला दिली.

घरात ग्रामोफोन असणे ही खोताची, सावकाराची, फार तर शिक्षकाची गोष्ट. गावाने तबकडी ऐकली ती स्पीकरवाल्याकडून. लग्न ठरले, पूजा ठरली, गणपती बसले की तालुक्याच्या गावाहून स्पीकरवाला यायचा. बॅटरी, अॅम्प्लिफायर, रेकॉर्डची पेटी. चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडाला कर्णा बांधला जायचा आणि आवाज पलीकडच्या डोंगराला लागून परत यायचा. कुठली बाजू लावायची, सुई कधी बदलायची, हळदीला काय आणि वरात निघताना काय, हे सगळे त्या माणसाच्या डोक्यात. १९७५ च्या ‘शोले’नंतर पॉलिडोरने संवादांच्या तबकड्या काढल्या, तेव्हा गावोगावच्या कर्ण्यांतून गब्बर बोलू लागला. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाच्या म्हसोबाची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो. अशा जत्रेत शेतकरी, ठाकर, कातकरी, महादेव कोळी एकाच कर्ण्याखाली उभे राहून जे ऐकत, तीच त्यांची निवड होती. कोणत्याही संगीत समीक्षकाने ती नोंदवली नाही.

आणि त्या कर्ण्यातून आपले ब्लूज, आपले सोल ऐकू येत होते. हे विधान जपून करायला हवे, कारण संगीत म्हणून दोन्हींची घडण वेगळी आहे. पण गाणाऱ्याचे समाजातले स्थान, गाण्यामागचा अपमान, कंपनीने दिलेली वागणूक आणि ऐकणाऱ्याची त्यावरची मालकी पाहिली तर दुसरी तुलना सुचत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. मुंबईत विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, कृष्णा शिंदे गात होते. आणि प्रल्हाद शिंदे राहत कल्याणला, म्हणजे मुरबाड-शहापूरकडे जाणारी वाट जिथून फुटते तिथे. विठ्ठलाचे भजन, भीमगीत, कव्वाली, लोकगीत हे सगळे त्यांच्या एकाच गळ्यातून निघाले. चर्चमधले गाणे आणि बाहेरचे गाणे एकाच आवाजात मिसळले तेव्हा अमेरिकेत सोल जन्मले. अरीथा फ्रँकलिन वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली आणि त्या वडिलांच्या प्रवचनांच्याही तबकड्या खपत. आपल्याकडे ही सरमिसळ प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजात झाली. त्यांचा पहाडी, किंचित फाटणारा वरचा स्वर कर्ण्यासाठीच घडलेला वाटतो. सुलोचना चव्हाणांची लावणीही त्याच पेटीत असायची. तमाशाच्या फडात तासभर रंगणारी लावणी तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांत बसवावी लागे, आणि त्या तीन मिनिटांसाठी जे गाळले गेले ते बहुतेक हरवले. ब्लूजचेही नेमके हेच झाले.

तबकडीवर कधी आलाच नाही असा आवाजही याच तालुक्यांत होता. लग्नातले धवळे म्हणणाऱ्या बायका, तारपा वाजवणारे, रात्रभर चालणारा ढोलनाच यांना कंपनीने विचारले नाही. जॉन आणि अॅलन लोमॅक्स या पितापुत्रांनी १९३३ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगांतून ध्वनिमुद्रण यंत्र फिरवले आणि त्यांना लेडबेली हा कृष्णवर्णीय गायक सापडला; १९४१ मध्ये अॅलनला मिसिसिपीतल्या एका मळ्यावर ब्लूज गायक मडी वॉटर्स भेटला. भातसा आणि काळू नद्यांच्या खोऱ्यांत असे यंत्र त्या काळी फिरले असते, तर आज ऐकायला काय काय असते!

मुंबईत खुद्द कृष्णवर्णीय अमेरिकन वादकही येऊन गेले होते. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड यांचे वाद्यवृंद वाजले. त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकले, आणि ते वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाला सोबत घेतले आणि भगवानदादांच्या नाचाला त्या तालाची साथ मिळाली. भगवानदादांचा तो नाच गणपतीच्या मिरवणुकीत आजही जिवंत आहे. म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीचा एक धागा आपल्या विसर्जनाच्या रस्त्यापर्यंत आला आहे.

फंक हा कृष्णवर्णीय संगीताचा पुढचा प्रकार अमेरिकेत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात घडला. गायक जेम्स ब्राउनने सगळा वाद्यवृंद पहिल्या मात्रेवर आणून आदळायला लावला. समेवर येण्याचा आनंद ज्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना ही चाल परकी वाटायचे कारण नव्हते. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात मारुतीराव कीर तालाची बाजू सांभाळत होते. कल्याणजी-आनंदजींच्या गुन्हेगारी चित्रपटांतली बास गिटार आजच्या संग्राहकांना वेड लावते. मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्ट या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही एलपी इथे विस्मृतीत गेली आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीने ती पुन्हा काढली. १९७२ चा ‘अपराध’ आणि १९७८ चा ‘डॉन’ यांतल्या आशा भोसले यांच्या गाण्यांचे तुकडे घेऊन ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाने २००५ मध्ये गाणे केले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. म्हशाच्या जत्रेत कर्ण्यातून वाजलेला आवाज असा लॉस एंजेलिसला जाऊन मोठा झाला.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. ती स्वस्त होती, फुटत नव्हती, बसमध्ये आणि टेम्पोत वाजत होती; लोकगायकांना तिने कंपनीच्या दारापासून मुक्त केले हेही खरे. पण रेकॉर्डची पेटी तेव्हापासून अडगळ झाली. काही पेट्या भंगारवाल्याकडून चोर बाजारात पोचल्या, काही पावसाळ्यात गळक्या कौलांखाली संपल्या. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे झटून ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. या मंडळींनी नाट्यसंगीत, शास्त्रीय संगीत आणि मुंबईच्या ‘यंग इंडिया’सारख्या देशी कंपनीचा इतिहास वाचवला, हे मोठे काम आहे. भीमगीते, कव्वाल्या, लोकगीते यांच्या छोट्या ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांची तेवढ्याच तपशिलाची यादी मात्र व्हायला हवी. बालगंधर्वांच्या तबकडीइतकीच तीही जपणुकीच्या योग्यतेची आहे.

आसनगाव, वासिंद, खर्डी, मुरबाड, सरळगाव, टोकावडे या गावांत कोणाच्या वडिलांनी, आजोबांनी स्पीकरचा धंदा केला असेल, तर माळ्यावरची पेटी भंगारात घालण्याआधी उघडून पाहा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. उन्हात ठेवू नका. जुनी, जड, पडताच फुटणारी तबकडी लाखेची असते, तिला स्पिरिट लावले तर ती विरघळते. लवचीक असेल तर ती व्हिनाइलची. तिला कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, मधला कागद मात्र भिजू देऊ नका. त्या कागदावर गायकाचे नाव, कंपनी आणि ‘सेव्हन ईपीई’ किंवा ‘ईसीएलपी’ अशा अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, तो वहीत उतरवून घ्या आणि फोटो काढून ठेवा. आणि स्पीकरवाले आजोबा हयात असतील, तर हळदीला कोणती तबकडी लावत होता हे त्यांना आजच विचारा.