चवदार तळ्यानंतरची सकाळ : बदलाचे धाडस कुठून आले?

दरवर्षी 20 मार्चला आपण महाडचे स्मरण करतो. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्यामागे हजारो हात पाण्यात गेले, आणि मग हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून जेवत्या माणसांवर लाठ्या चालवल्या गेल्या. हे आपल्या लेकरांनाही पाठ आहे. आम्हाला प्रश्न पडतो तो त्यानंतरच्या दिवसांचा. परिषदेला आलेला माणूस आपल्या गावी परतला. तिथे बाबासाहेब नव्हते, जमाव नव्हता. गावकुसाबाहेरची पाच-पंचवीस घरे होती, आणि गावात एखादे जनावर मेले की येणारा पाटलाचा सांगावा होता. ओढायला जायचे की नाही?

कारण महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारोदार मागितलेली शिळी भाकरी सोडा, वतनाच्या गुलामीतून बाहेर पडा, असे सांगितले होते. तळ्यावरचा मोर्चा एका दिवसाचा होता. हे सांगणे मात्र रोज सकाळी नव्याने पाळायचे होते.

आजच्या तरुणाला वतन म्हणजे काहीतरी मानाची जमीन वाटते. महारवतन काय होते ते नीट समजून घेऊ. 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महाराला सरकारी चाकर ठरवले होते. सरकारी टपाल पोचवायचे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करायची, रात्री गावाची राखण करायची, कुणी मेले तर परगावी मयताचा सांगावा न्यायचा. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला, भावाला, प्रसंगी घरातल्या बाईला राबवून घेत. दिवसाचे चोवीस तास बांधलेले. मोबदला काय, तर तुटपुंजी इनाम जमीन, सुगीला मिळणारे बलुते आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून मागितलेली भाकरी. बाबासाहेबांनी मार्च 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. 1929 साली ते मागे घ्यावे लागले. शेवटी 1958 चा वतने नष्ट करण्याचा कायदा 1 ऑगस्ट 1959 पासून अमलात आला. बाबासाहेब तेव्हा नव्हते. म्हणजे 1928 पासून मोजले तरी एकतीस वर्षे. या एकतीस वर्षांत ज्यांनी येसकरकीची काठी खाली ठेवली, त्यांनी ती कायद्याच्या आधी ठेवली.

आणि हे सोडताना पोटाचा हिशेब होताच. तो हिशेब मांडायला सवर्ण पुढे आले, हीसुद्धा गंमत बघा. महारांनी मेलेले ढोर ओढणे सोडले तर कातडे, शिंगे, खुरे मिळून वर्षाला पाचशे रुपयांचे त्यांचे नुकसान होते, असा कळवळा 'केसरी'तून व्यक्त झाला होता. बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात ही हकीकत सांगितली आहे. त्यांचे उत्तर सरळ होते : एवढा फायदा असेल तर तो तुम्ही घ्या, वर मी आणखी पाचशे रुपये देतो. कुणी घेतला नाही. आमच्या मते या एका उत्तरात समाजशास्त्राचे अख्खे प्रकरण आहे. जे काम फायद्याचे म्हणून दुसऱ्याला सांगितले जाते आणि स्वतः कधीच केले जात नाही, त्या कामाची मजुरी पैशात नसते, अपमानात असते.

बायांचे धाडस तर आपण फारच कमी सांगतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडला दुसरी परिषद झाली. 25 तारखेला मनुस्मृती जाळली. त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसता, गळ्यात-हातात काय घालता, यावरून तुमची जात लांबून ओळखली जाते. ती ओळख टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. कथलाचे आणि चांदीचे ढीगभर दागिने उतरवा, मुलींना शाळेत घाला, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, हेही सांगितले. बायांनी तिथल्या तिथे लुगड्याची नेसण बदलली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांचा हा वारसा नोंदवून ठेवला आहे. कार्यकर्त्यांनी ते पुस्तक वाचलेच पाहिजे.

कुणी म्हणेल, लुगड्याची नेसण बदलण्यात कसले धाडस? त्याने 'जातिभेद निर्मूलन' उघडावे. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या त्या भाषणात बाबासाहेबांनी अशाच 'क्षुल्लक' गोष्टींची यादी दिली आहे. इंदूर संस्थानातल्या बलाई जातीला 1928 साली सवर्णांनी फर्मान काढले : जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, आणि मयताचा सांगावा मात्र पोचवायचा. बलाईंनी नकार दिला तर विहिरी बंद झाल्या, गुरे चारणे बंद झाले. गुजरातेत झाणू गावी अस्पृश्य बायांनी पाण्याला धातूची भांडी नेली म्हणून मार खाल्ला. जयपूर संस्थानात चकवारा इथे अस्पृश्यांनी आपल्याच जेवणावळीत तूप वाढले म्हणून पंगतीवर हल्ला झाला. तूप त्यांचे, पैसा त्यांचा, पाहुणे त्यांचे. जात ही अशी रोजच्या भांड्यात, कपड्यात आणि घासात असते. म्हणून तिथे हात घातला की व्यवस्थेला झोंबते.

मग हे धाडस आले कुठून? आज बाजारात 'स्वतःला बदला'वाल्या वक्त्यांचा सुळसुळाट आहे. टेंभुर्णीच्या आसपास, हायवेवरच्या मंगल कार्यालयांतसुद्धा त्यांची शिबिरे लागतात. त्यांच्या मते माणसाने आरशात बघून ठरवले की झाले, भीती म्हणजे मनाचा खेळ. आम्हाला हे मान्य नाही. 1930 च्या स्टार्ट कमिटीच्या अहवालात, ज्या कमिटीवर बाबासाहेबही सदस्य होते, ही भीती कशाची होती ते लिहिलेले आहे : हक्क मागणाऱ्याला कसणुकीची जमीन सोडायला लावतात, मजुरी बंद करतात, रस्ता अडवतात, वाणी जिन्नस देत नाही. अशा माणसाला आरसा देऊन काय उपयोग? त्याला शेजारी हवा होता. संपूर्ण वस्तीने एका बैठकीत ठरवले आणि एकाही घराने फितुरी केली नाही, तरच बहिष्कार सोसता यायचा. म्हणून 3 एप्रिल 1927 पासून 'बहिष्कृत भारत' निघाले, म्हणून परिषदा झाल्या, समता सैनिक दल उभे राहिले. आणखी एक गोष्ट. गिरणीत, रेल्वेत, पलटणीत पोटाला वाट मिळाली तिथे मान लवकर ताठ झाली. आमच्या माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीला रेल्वे जंक्शन आहे, सोलापुरात गिरण्या होत्या. गावाच्या बलुत्यावर न जगणारा एक भाऊ घरात असला की दुसऱ्याला काठी टाकणे सोपे जाई.

वतनाच्या प्रश्नावर तर माणसे परिषदांतूनच लढली. 1939 ला हरेगावला, फेब्रुवारी 1941 मध्ये बार्शीच्या पलीकडे कसबे तडवळ्याला. तडवळ्याची परिषद महार आणि मांग वतनदारांची एकत्र होती, हे आज दोन्हीकडच्या तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकमेकांच्या जयंतीच्या मिरवणुकीला तोंड फिरवणाऱ्यांनी जास्तच.

आपल्याच जिल्ह्यातले आणखी एक उदाहरण. सांगोला तालुक्यातल्या महूदला 1923 साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे 1942 मध्ये जिल्हा बोर्डाच्या कडलासच्या शाळेत शिक्षिका झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या पहिल्या दलित शिक्षिका. ज्या गावात महारणीची सावली चालत नव्हती, तिथे ती सवर्णांच्या पोरांना रोज सकाळी हजेरी घेऊन पाढे शिकवत होती. पुढे 1952 ला नोकरी करतानाच पुण्यात जाऊन प्रशिक्षण घेतले, शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. तळे नाही, मोर्चा नाही. फळा आणि खडू. या धाडसाची जयंती कुणी करत नाही.

'जोहार मायबाप' म्हणणारी जीभ 'जयभीम' म्हणू लागली, तोही याच मालिकेतला बदल. कामठीच्या बाबू हरदास यांनी रुजवलेले हे दोन शब्द म्हणायला आज काही लागत नाही. तेव्हा पाटलासमोर ते म्हणणे म्हणजे जोहार न घालणे होते. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञाही अशाच वाचा. देव, श्राद्ध, दारू, खोटे बोलणे, सगळे घरातले आहे. धम्मदीक्षा नागपूरला झाली, पण देव्हारा आपापल्या घरात रिकामा करायचा होता, तोही सासू-सासऱ्यांच्या देखत.

आता आमच्या भागातले बोलू. उजनीचे पाणी आले, ऊस आला, येसकरकी गेली. पण वस्तीत काम करताना आम्हाला दिसते ते असे : भिंतीवर बाबासाहेब, आतल्या खोलीत झाकलेला देव्हारा. बौद्ध पद्धतीने लग्न, आणि त्याआधी गुपचूप ठरलेला हुंडा. जयंतीच्या डीजेला वर्गणी गोळा होते, अभ्यासिकेच्या पुस्तकांना होत नाही. बचत गटाचे कर्ज पोरीच्या शिक्षणाला न जाता बारशाच्या जेवणावळीत जाते. यातल्या कशालाही आज पाटलाचा बहिष्कार आडवा येत नाही. आडवे येतात ते आपलेच भाऊबंद, 'लोक काय म्हणतील' विचारणारे.

म्हणून आम्ही सुचवतो ते जुन्याच पद्धतीचे आहे. एकट्याने हुंडा नाकारला तर त्याच्या बहिणीच्या लग्नाला पैसे मागतातच, आणि तो मोडतो. वस्तीतल्या दहा घरांनी विहारात बसून, बायांना समोर बसवून, ठराव लिहावा : आम्ही दहा घरे हुंडा घेणार नाही, देणार नाही. खाली सह्या. नावे विहाराच्या भिंतीवर. येत्या लग्नसराईच्या आधी ही बैठक व्हावी. ज्या वस्तीला ठरावाचा मसुदा हवा असेल तिथे आम्ही येऊन बसायला तयार आहोत.

जयभीम.